द्वारकेच्या मापाचं विमान

द्वारके,

तुझ्या तेराव्यापर्यंत मी तोंड बंद ठेवीन, असं वचन तुझ्या दादांनी माझ्याकडून घेतलं होतं. ते काल मोडलं. मुखेडच्या काकी बसायला आल्या होत्या. माझ्या चुलतसासूच त्या, म्हणून खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "बिचारी. ना घर, ना दार, ना लेकरू. निस्ती उंची घेऊन आली अन् उंची घेऊन गेली." मी त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "काकी, चहा थंड झालाय," म्हणाले, आत जाऊन मोरीत ओतला आणि दुसरा काही दिला नाही. तुझे दादा नुसते बघत राहिले. काकीही बघत राहिल्या. चहातून वाफ निघत होती ना अजून.

बिचारी! जो येतो तो हाच शब्द घेऊन येतो, जसं काही दारात वाटायला ठेवलाय. तुला किती जणांनी नापसंत केलं ते या लोकांना तोंडपाठ आहे. तू दोन विमानं नापसंत केलीस, ते एकालाही आठवत नाही. म्हणून लिहून राहिले. तुला यातलं सगळं माहीत आहे, शेवटचं सोडून. तिथपर्यंत ऐक गुमान.

मी तुमच्या घरी नवी नवरी म्हणून आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि जगातली सगळी अक्कल माझ्याकडं होती. मी उदगीरची, तुम्ही मुखेडजवळच्या खेड्यातले. उदगीर म्हणजे मोठं शहर, असं मला वाटायचं. नणंद म्हणून तू समोर आलीस. माझ्याहून वर्षाने लहान, आणि मी तुझ्या खांद्याच्याही खाली. तू पाया पडायला वाकलीस तेव्हा कुठं मला तुझा चेहरा नीट दिसला.

आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, तुझी एकच काळजी. "हिच्या मापाचा मुलगा कुठून आणावा गं? दोन मुलं एकावर एक ठेवावी लागतील." मी म्हणाले, "आत्याबाई, माणसाची उंची दिसते कधी? उभं राहिल्यावर. मग उभं करायचंच कामून?" अशी मी. दहावी पास.

तुझी सगळी उंची पायात होती. कमरेच्या वर तू चारचौघींसारखीच. मांडी घालून बसलीस की तू आणि मी सारख्या दिसायचो, हे मी पहिल्या पंगतीतच हेरलं होतं. मग काय, बघायला पाहुणे यायच्या आधीच तुला सतरंजीवर मांडी घालून बसवायचं. पोह्यांच्या ऐवजी आपल्याकडं चुरमुऱ्यांचा सुशीला करतात, त्याच्या बशा आणि चहा मी फिरवायचा. कुणी विचारलंच, तर "तिचा पाय मुरगळलाय हो, काल विहिरीवर." माझी ही युक्ती आत्याबाईंना इतकी आवडली की त्यांनी मला चांदीचा कुंकवाचा करंडा दिला. मी तो महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरले.

निलंग्याचे पाहुणे आठवतात तुला. मुलगा शिक्षक होता, गोरा, बारका, नाकावर चष्मा. त्यानं तुला विचारलं, काय आवडतं. तू म्हणालीस, व्हॉलीबॉल. तो हसला, पण चांगलं हसला. माझ्या मनात लग्नाच्या अक्षता पडायला लागल्या होत्या. तेवढ्यात त्याची आजी म्हणाली, "बाळ, जरा उभी राहा बरं. निस्तं उभं राहायला पाय दुखत न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीकडं. आणि तू उठायला लागलीस. उठलीस, उठलीस, उठतच राहिलीस. म्हातारीची मान तुझ्यासोबत वर वर गेली. डोक्यावरचा पदर मागं घसरला तरी तिला कळलं नाही. शेवटी वायरीला लोंबकळणारा बल्ब तुझ्या कपाळाला लागून डुलायला लागला, आणि म्हातारी म्हणाली, "अगं बया! अजून हाय का?"

सगळ्यात आधी कोण हसलं? तू. मग तो मुलगा. मी सोडून सगळे हसले. मला माझी इज्जत गेल्यासारखं वाटत होतं, जशी काही मीच उभी राहिले होते. पाहुण्यांनी उठताना नेहमीचं सांगितलं, "घरी जाऊन कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यानंतर मी तुला पोक काढून चालायला शिकवलं. "वन्सं, खांदे पाडा. मान खाली. मुलगी नम्र दिसती." किती पाहुणे आले आणि कळवतो म्हणून गेले, त्याचा हिशेब आत्याबाईंनीही सोडला. मग एक दिवस बाऱ्हाळीचे पाहुणे येणार होते आणि तू सतरंजीवर बसलीच नाहीस. दारात जाऊन उभी राहिलीस, ताठ, चौकट भरून. पाहुणे जीपमधून उतरले. वर बघितलं. एकानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पाणी पिऊन निघतो, आमाला पुढं जायचंय." आत्याबाई पडून राहिल्या, जेवल्या नाहीत. तू स्वयंपाकघरात बसून पाहुण्यांसाठी केलेला सगळा सुशीला एकटीनं संपवलास आणि मला म्हणालीस, "वैनी, मीठ कमी हाय." तिथून तुझं लग्न हा विषय संपला. तू खेळाची मास्तरीण झालीस, लातूरच्या शाळेत लागलीस आणि पोरींना व्हॉलीबॉल शिकवत तिथंच राहिलीस. मी तुझ्या दादांबरोबर नांदेडला आले. माझी लेकरं झाली, मग लेकरांची लेकरं. सुट्टीला तू यायचीस. एसटीतून उतरताना दारात वाकायचीस, तेवढंच तुझं वाकणं राहिलं होतं.

तू निवृत्त झालीस तेव्हा मला वाटलं, आता ही इकडं येऊन राहील, दोघी मिळून पापड लाटू. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तू त्यांच्याकडं बघत म्हणालीस, "वैनी, मी विमान चालवायला शिकणार हाय."

"एवढी उंच हायेस," मी म्हणाले, "आजून किती वर जायचंय?"

तुला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टाच करत होते. पण मी भ्याले होते, ते तुला दिसू नये म्हणून चेष्टा. माझं हे असंच आहे, तुला माहीत आहे.

तू दूर जाऊन शिकलीस. तिथल्या म्हाताऱ्या विमानात सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागं ढकलून कसंबसं भागवलंस. सुट्टीला आलीस की गुडघ्यांवर काळेनिळे डाग असायचे, आणि मी हळद लावताना बडबडायचे, "लोक गुडघेदुखीला डॉक्टरकडं जातात, तू गुडघे दुखवून घ्यायला जाऊन राहिली." लायसन मिळालं. मग लातूरच्या त्या दातांच्या डॉक्टरांना घेऊन नांदेडला आलीस, तेही तुझ्यासारखेच विमान उडवणारे. दोघांनी भागीत एक लहान विमान घ्यायचं ठरवलं होतं. दोन माणसांचं, हलकं, आपल्या जुन्या जीपपेक्षाही वजनाला कमी. डॉक्टर अंगानं बुटके, माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. त्यांना कुठलंही विमान चाललं असतं. अडचण तुझी होती. ही हलकी विमानं मधल्या मापाच्या पुरुषाला समोर ठेवून करतात, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हणाले, "म्हंजी नवऱ्यांसारखंच की."

पहिलं विमान हैदराबादच्या बाजूला होतं. मालकानं फोनवर विचारलं, मॅडमची बसल्यावरची उंची किती? डॉक्टर टेप शोधायला लागले. मी म्हणाले, "थांबा, ते माझं काम हाय." तुला पाटावर बसवलं, पाठ भिंतीला, मांडी नीट. डोक्यावर नातवाची फूटपट्टी आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि शिवणाच्या टेपनं माप घेतलं. बसणं म्हणजे मांडी घालून बसणं. आपल्याला दुसरं बसणं कुठं ठाऊक होतं? डॉक्टरांनाही काही खटकलं नाही, तेही आपल्याच भागातले, अहमदपूरचे. मालकाला माप कळवलं. तो म्हणाला, "अरे, मॅडम तो नॉर्मल हैं! आ जाइये."

धपाटे बांधून निघालो तिघं. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं होतं. पांढरं, चकचकीत, वर काचेचा घुमट, अगदी दागिन्याच्या डबीसारखं. मला तर पसंत पडलं बघताक्षणी. तू पंखावर पाय ठेवून आत उतरलीस. डोकं बरोबर मावलं. मी डॉक्टरांकडं बघून मान डोलावली, म्हणजे बघा, माप कुणी घेतलं होतं. मग आतून ठक असा आवाज आला. तुझे गुडघे समोरच्या घड्याळांच्या फळीला जाऊन भिडले होते.

विमान वळवायचा दांडा त्यात दोन मांड्यांच्या मधून येतो. तू तो हलवून बघितलास. उजवीकडं गेला. डावीकडं मात्र जाईना. डावा पाय बाहेरच्या भिंतीला चेपलेला, दांडा मांडीला अडत होता. तू मान वर काढून म्हणालीस, "वैनी, हे विमान मला फकस्त उजवीकडं वळू देऊन राहिलं."

"मग परदक्षिणा घाल अन् ये," मी म्हणाले.

मालक मिशीवाला, निवृत्त साहेब. त्याला काही उलगडेना. "मॅडम, नाप कैसा लिए आप लोगाँ?" तू निरागसपणे सांगितलंस, "पालथी मारके." त्यानं एकदा तुझ्याकडं बघितलं, एकदा विमानाकडं. "हवाई जहाज में पालथी?" असं म्हणाला आणि शेडच्या दाराला धरून हसत राहिला. डॉक्टर हसले, तूही हसलीस. मीही हसायला लागले होते, आणि मधेच थांबले. ती युक्ती माझीच होती ना. मांडी घातली की हिचे पाय नाहीसे होतात, हे शास्त्र मीच काढलं होतं आणि त्यासाठी चांदीचा करंडा घेतला होता. निलंग्याच्या म्हातारीला फसवायला काढलेली युक्ती इतक्या वर्षांनी विमानाला लावायला गेले, आणि म्हातारीसारखंच विमानानंही सांगितलं, जरा उभी राहा बरं. मूर्ख ती मूर्खच, मग ती वीस वर्षांची असो की साठीची.

त्यांच्या घरी चहा झाला. मालकीणबाईंनी बिस्किटं दिली. निघताना तू कप खाली ठेवलास, हात जोडलेस आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "घर जाके खबर करते."

गाडीत बसल्यावर तू जी हसत सुटलीस! डॉक्टरांना गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळे पुसत म्हणालीस, "जल्मभर आयकलं गं वैनी. एकडाव आपण म्हणून बघायचं होतं." मी धपाटा तुझ्या हातात दिला. आपल्या दोघींच्या सगळ्या आयुष्यातला तो धपाटा मला सगळ्यात गोड लागला, आणि त्यात लसूणच जास्त झाला होता.

दुसरं विमान कर्नाटकात. तिथला दलाल पोरगेलासा, काळा चष्मा घातलेला, मराठी चांगलं बोलायचा. या खेपेला गुडघे अडल्यावर त्यानं सीटवर जाड गादी टाकली. तू वर उचलली गेलीस, गुडघे सुटले, पण डोकं काचेला लागलं. तो म्हणाला, "मॅडम, थोडं वाकून बसायचं. सगळे बसतात. सवय होते."

तुझे खांदे खाली आले. आपोआप आले, द्वारके. मी बघितलं. मान पुढं, खांदे पडलेले. मी शिकवलेलं होतं ते. इतक्या वर्षांत तू ते विसरली नव्हतीस, नुसतं बाजूला ठेवलं होतंस.

माझं डोकं फिरलं. "बाळा," मी म्हणाले, "तुपलं विमान वाकव. ती न्हाई वाकायची."

"आजी, विमान कसं वाकंल?"

"मग मुलगी कशी वाकंल?"

साठीच्या बाईला मी मुलगी म्हणाले, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही. तुला कळलं. तू खाली उतरलीस, साडीऐवजी घातलेली ती खाकी पँट झटकलीस आणि त्याला म्हणालीस, "आमाला पसंत न्हाई." घरी जाऊन कळवतो असंसुद्धा म्हणाली नाहीस. तोंडावर सांगितलंस.

मग मी शहाणी झाले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तुला बसवलं, पाय सोडून. पाठीपासून गुडघ्यापर्यंत एक माप, गुडघ्यापासून टाचेपर्यंत दुसरं. डॉक्टर ती मापं घेऊन फोन करत राहिले. लोक हसायचे. तू मधेच म्हणायचीस, "जाऊ दे वैनी, म्हाताऱ्या वयात खामखा सगळ्यांना तरास." मी म्हणायचे, "गप. मुलाकडची बाजू आता आपली हाय. दहा ठिकाणी बघू."

ते गुजरातेत सापडलं. दिसायला काहीच नाही. पंख वर, डोक्यावर छपरासारखे, दारं आपल्या जीपसारखी, रंग उडालेला. मी मनात म्हणाले, सावळं आहे पण नाकीडोळी नीटस. त्यात पायानं दाबायच्या पट्ट्या पुढं सरकवता येत होत्या आणि सीट मागं जात होती. मालकानं दोन्ही शेवटपर्यंत ढकललं. तू बसलीस. दार लावून घेतलंस. दांडा पुढं नेलास, मागं ओढलास, डावीकडं, उजवीकडं, चारी कोपरे. पाय लांब केलेस. मी काचेतून बघत होते, कुठं ठक होतं का. कुठंच झालं नाही.

तू उतरेनास. मालक येऊन विचारून गेला, कैसा है. तो जेवायला निघून गेला. डॉक्टर पंखाच्या सावलीत बसले. शेवटी मी दार उघडलं.

"वैनी," तू म्हणालीस, "मी मावले गं."

मला त्यावर काही चेष्टा सुचली नाही. आयुष्यात एकदाच असं झालं, लक्षात ठेव.

पुढं डॉक्टरांना त्या विमानात पाठीमागं उशी लागायची, नाहीतर त्यांचे पाय पोचायचे नाहीत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट बायकोकडून उशीला अभ्रा शिवून घेतला, झालरीचा. तू मला फोन करून सांगितलंस, "वैनी, पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला तरी जमवून घ्यावं लागलं." केवढी खूश होतीस! भला माणूस. उद्या ते विमान ठेवतील किंवा विकतील, त्यांचं ते बघतील. मी त्यांना एवढंच म्हणाले, पट्ट्या लगेच मागं घेऊ नका. ते म्हणाले, "आजी, मला उशी सवयीची झालीय."

आता आपलं भांडण. तू मला शंभरदा म्हणालीस, "वैनी, एकडाव बस शेजारी." मी बसले नाही. कधी बीपी, कधी एकादशी, कधी लोणचं उन्हात. तू एकदा लातूरहून नांदेडला उडून आलीस. मी गच्चीवर लाल लुगडं घेऊन उभी होते. संध्याकाळी घरी येऊन म्हणालीस, "दिसली न्हाईस." मी म्हणाले, "खाली यायचं की थोडं." "नियम हाय वैनी, खाली येता येत न्हाई." "मग मीही वर येत न्हाई, माझाबी नियम हाय." तू रागावून जेवणार नाही म्हणालीस, आणि मग माझ्यासमोरच भाकरीवर तूप घेतलंस. मी भित्री होते, असं तुझं म्हणणं. मी म्हणते, दोन बायका एका वेळी वर गेल्यावर खाली हसायला कोण उरलं असतं? हे भांडण मी हरले असं समजू नको. ते नुसतं अर्धं राहिलं आहे.

दुसरं त्याहून वाईट अर्धं राहिलं. दवाखान्यात तुझी खाट आखूड होती. पाय बाहेर यायचे. मी पायथ्याला प्लास्टिकचं स्टूल लावून त्यावर उशी ठेवली होती. सिस्टर म्हणायची, "आजी, येण्याजाण्यात पायात येतं हे." मी म्हणायचे, "मग खाट लांब आण." पोटाच्या दुखण्यानं तू अर्धी झाली होतीस, पण लांबी तेवढीच. एका दुपारी छताकडं बघत म्हणालीस, "वैनी, तो निलंग्याचा मुलगा बरा होता गं."

मला वाटलं गोळ्यांची गुंगी आहे. "तो? चष्म्याचा? तुझ्या कोपराएवढा होता."

"असू दे की. हसला कसा चांगला. मला आवडला होता."

मी चिडले. खरंच चिडले, आजारी माणसावर. "म्हंजी वाकली असतीस तू? त्याच्यासाठी?"

तू डोळे मिटलेस. झोपलीस की मला टाळलंस, ते मला आजही सांगता येत नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते सगळे पाहुणे म्हणजे टळलेलं संकट. आपण दोघींनी मिळून ते टाळलं, असं मी लोकांना सांगायचे. त्यातला एक तुला हवा होता, हे मला माहीतच नव्हतं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, भांडी घासताना. वाकायचं कशाला? त्यालाच स्टूल दिलं असतं की. हार घालायला स्टूल, फोटो काढायला स्टूल, भांडायला स्टूल. उद्या दवाखान्यात गेल्यावर सांगू म्हणाले. पण उद्या तू बोलण्याजोगी राहिली नव्हतीस. तरी मी तुझ्या कानात सांगितलं. ऐकलंस का?

आता ते शेवटचं. हे तुला माहीत नाही.

माझा मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून तुझ्या लातूरच्या घरी बर्फाची पेटी मागवली. ती घेऊन दोन माणसं आली. त्यांनी पेटीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. मोठा माणूस हळूच तुझ्या दादांना म्हणाला, "काका, गुडघ्यात जरा दुमडावं लागंल. आताच करावं लागंल, मग कडक होतंय."

तुझ्या दादांनी मान हलवली. त्यांना रडणं आवरत नव्हतं, त्यांना काय कळणार. मी पुढं झाले. "दुमडायचं न्हाई."

"आजी, मग मावत न्हाईत त्या."

"मग पेटी घेऊन जा."

"आजी, सगळ्यांचं असंच करतात..."

"तिचं न्हाई करायचं. ती मावते. पेटीच आखूड हाय."

काकी, मामा, शेजारी, सगळे मला समजवायला लागले. उन्हाळा आहे, मुलगा उशिरा येईल, मेलेल्या माणसाला काय कळतंय. मेलेल्या माणसाला कळत नसेल. मला कळत होतं. मी तुझ्या पायथ्याशी जाऊन बसले आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांवर माझे हात ठेवले. कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी फरशीवरच ओली चादर, बर्फाच्या लाद्या आणि दोन कूलर लावले. तू सरळ राहिलीस. मुलगा आला, तुला बघून म्हणाला, "आत्या केवढी दिसतेय." मी म्हणाले, "हाव. तेवढीच होती."

तिरडीला बांबू लांब आणायला लावले. ते आले तोवर तुझ्या पोरी जमल्या होत्या. तू खेळवलेल्या. आता कुणाची लेकरं कॉलेजात, कुणी पोलिसात, कुणी शिक्षिका, आणि सगळ्या ताडासारख्या उंच. तू निवडूनच घ्यायचीस. त्यांनी पदर खोचले आणि सरळ तिरडीला हात घातला. एक मामा म्हणाले, "बायका खांदा देत नसतात." एकीनं तिरडीवरचा हातही न काढता सांगितलं, "मामा, मॅडमनी आमाला खांदा वर ठेवायला शिकवलंय." मी स्मशानात जायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघूनच गप्प बसले असावेत.

त्यांनी तुला उचललं. तू वर गेलीस. मीही खांदा द्यायला पुढं झाले, तर बांबू माझ्या डोक्याच्या वर. टाचा उंच केल्या तरी पोचेना. पुढच्या पोरीनं खाली बघितलं आणि म्हणाली, "आजी, आम्ही वाकतो थोडं. तुम्ही खांदा लावा."

"खबरदार वाकलात तर!" मी म्हणाले. "चला."

त्या चालायला लागल्या, ताठ. मी खालून चालत होते, एक हात वर करून, बांबूला बोटं लावून.